गाळणी चोंदते तेव्हा

उसाच्या मुलखात वाढलेल्या माणसास पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि ज्या माळांवर कुसळे उगवत होती तेथे पुढे ऊस उभा राहिला. माळेगाव बुद्रुक, येथील सहकारी साखर कारखाना आणि साखरधंद्यावर ज्यांची चूल पेटते ती आमच्यासारखी माणसे, ही सर्व त्या पाण्याचीच लेकरे होत. कालव्याचे पाणी शेतात येते त्या वेळी आपण पाळीसाठी भांडतो, पाटकऱ्याशी हुज्जत घालतो, रात्री कंदील घेऊन बांधावर जागतो. मात्र तेच पाणी कारखान्यात वापरून मलिन झाले म्हणजे पुढे कोठे जाते, हे विचारावयास फारसे कोणी जागत नाही.

या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही वेतनकराराविषयी किंवा बोनसविषयी बोलू, अशी पुष्कळांची कल्पना असावी. ते विषय आम्ही गेटसभेत बोलतोच. येथे आम्ही सांडपाण्याच्या गाळणीविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. आम्ही काही इंजिनिअर नव्हे. जे थोडे समजले ते यंत्राजवळ उभे राहून, जाणत्यांस प्रश्न विचारून आणि फावल्या वेळी पुस्तके वाचून समजले. तथापि ही गाळणी ज्यास रोज धुवावी लागते तो आमचा माणूस आहे, म्हणून तिचे शास्त्र आम्हांस कळले पाहिजे असे आम्ही मानतो.

प्रश्न केवढा आहे

उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. म्हणजे एक टन ऊस गाळला की सातशे लिटर पाणी उसाबरोबरच कारखान्यात येते. रस आटविताना त्याची वाफ होते, ती थंड होऊन पुन्हा पाणी मिळते. हे पाणी नीट सांभाळले तर कारखान्यास नदीकडे फारसा हात पसरावा लागू नये. केंद्र सरकारने २०१६ साली साखर कारखान्यांच्या सांडपाण्याचे नियम कडक केले आणि टनामागे २०० लिटरांची मर्यादा घातली, त्यामागे हाच हिशेब आहे.

खरी अवघड गोष्ट डिस्टिलरीची. मोलॅसिसपासून एक लिटर मद्यार्क काढला की मागे साधारणतः आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश उरतो. तो कढत, आंबट आणि काळपट तांबडा असतो. त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजविण्यासाठी जंतूंना लिटरमागे चाळीस हजार मिलिग्रॅमांहून अधिक प्राणवायू लागतो. आता नदीच्या स्वच्छ पाण्यात आपल्याकडील उष्णतेत विरघळलेला प्राणवायू किती असतो? लिटरमागे सातआठ मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर स्पेंट वॉश पाच हजार लिटर नदीचा श्वास कोंडू शकतो. हे ज्याने एकदा मांडून पाहिले, त्यास २००३ च्या सनदेत डिस्टिलऱ्यांनी नदीनाल्यांत थेंबही सोडू नये असे का ठरले, हे दुसऱ्याने समजवावे लागणार नाही. नीरा येथून पुढे इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंहपूरला भीमेस मिळते. आपल्या खालीही गावे आहेत, हे वरच्या गावाने विसरू नये.

म्हणून स्पेंट वॉश प्रथम बंद टाकीत कुजवून त्यापासून गॅस काढतात. उरलेले आटवितात, बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडमध्ये मुरवून खत करतात. या वाटेवर जेथे जेथे पाणी परत वापरावयाचे असेल तेथे त्यातील गाळ, जंतू आणि चिकट द्रव्य अडविणारी बारीक गाळणी लागते. सिरॅमिक मेंब्रेन ही अशीच एक गाळणी आहे.

जुन्या कँडलची थोरली बहीण

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पूर्वी स्टीलचा फिल्टर असे. त्यात पांढऱ्या मातीच्या दोन कँडल असत. वरच्या भांड्यातील पाणी कँडलमधून झिरपून खाली येई. महिना-पंधरा दिवसांनी पाणी थेंबथेंब येऊ लागले की घरची बाई कँडल काढून नळाखाली ब्रशाने घासत असे, आणि धार पुन्हा सुरू होई. आज आम्ही जे सांगणार आहोत त्याचा निम्मा भाग त्या माउलीस ठाऊक होता.

या कँडलचा वंश थोर आहे. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शांबरलँ यांनी १८८४ साली झिलई न दिलेल्या चिनी मातीची नळी पाणी गाळण्यासाठी तयार केली. तिच्यातून जंतू पार होत नसत. १८९२ साली रशियात द्मित्री इवानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस असल्याच नळीतून गाळला, तरी त्यातील रोग गेला नाही. जंतूंपेक्षाही सूक्ष्म असे काही जगात आहे, हे विषाणूंचे ज्ञान त्या मातीच्या नळीने करून दिले. पुढे फ्रान्समध्ये अणुइंधनासाठी युरेनियम वेगळे करण्याच्या कामात सच्छिद्र सिरॅमिकची विद्या वाढली आणि १९८० च्या दशकात ती दूध व द्राक्षमद्याच्या धंद्यात आली. आपल्या देशात कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने माती आणि अॅल्युमिना यांच्या नळ्या करून पश्चिम बंगालमधील पाण्यातील लोह व आर्सेनिक काढण्यासाठी त्यांचा उपयोग केला आहे. हवाई बेटांवरील पुउनेने येथील साखर कारखान्यात १९९० च्या दशकात निवळलेला उसाचा रसच सिरॅमिक नळ्यांतून गाळण्याची पद्धत बसविली होती. तो कारखाना २०१६ साली बंद झाला, पण उसाच्या रसाची आणि या नळीची ओळख जुनी आहे हे त्यावरून दिसते.

आजची सिरॅमिक मेंब्रेन म्हणजे बहुधा एक लांब दांडा. त्यात उभी भोके आरपार असतात. दांडा अॅल्युमिना, झिर्कोनिया, टायटॅनिया किंवा सिलिकॉन कार्बाइडचा, हजार अंशांहून अधिक उष्णतेत भाजलेला असतो. आतला भाग जाड छिद्रांचा आणि भोकांच्या भिंतींवर अगदी बारीक छिद्रांचा पातळ थर. ही छिद्रे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही लहान असतात. माणसाचा केस त्यांच्यापेक्षा सातशेपट जाड भरेल. मलिन पाणी भोकांतून दाबाने वाहते आणि भिंतीतून निथळून स्वच्छ पाणी बाहेर येते.

प्लॅस्टिकची मेंब्रेन पुष्कळ स्वस्त असते. परंतु कढत पाणी, तीव्र कॉस्टिक, आम्ल, क्लोरीन, ओझोन यांपुढे ती लवकर हार खाते. सिरॅमिक हे सर्व सोसते आणि वर्षानुवर्षे टिकते. मात्र तिची किंमत कित्येक पट अधिक. म्हणून ती चोंदली तर नुकसानही तितकेच मोठे. समजा रोज चार लाख लिटर पाणी गाळावयाचे आहे. एक चौरस मीटर मेंब्रेन तासाला ५० लिटर पाणी देते आणि दिवसातून वीस तास चालते, तर ४०० चौरस मीटर मेंब्रेन लागेल. चोंदल्यामुळे तासाला २५ लिटरच मिळू लागले, तर ८०० चौरस मीटर विकत घ्या, नाहीतर अर्धे पाणी कोठेतरी सोडून द्या. 'कोठेतरी' म्हणजे कोठे, हे येथे सांगण्याची गरज नाही.

गाळणी का चोंदते

चोंदण्याचे चार प्रकार ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. पहिला, भिंतीवर गाळाचा थर बसणे. चहाच्या गाळणीत चोथा साचतो तसा. हा सर्वांत निरुपद्रवी, कारण तो धुऊन निघतो. दुसरा, छिद्राएवढाच कण छिद्रात बुचासारखा बसणे. तिसरा, छिद्राहून लहान असलेले विरघळलेले द्रव्य आत शिरून छिद्राच्या अंगास चिकटणे. स्पेंट वॉशला काळा रंग देणारी मेलॅनॉइडिन ही द्रव्ये या जातीची आहेत. चौथा, जंतूंची बुळबुळीत साय आणि क्षारांची खपली.

खपली म्हणजे काय हे साखर कामगारास शिकविणे नको. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत हंगामभर ती बसते, वाफ जास्त लागते, मग गाळप थांबवून कॉस्टिक उकळावे लागते आणि नळी न् नळी ब्रशाने खरवडावी लागते. येथेही तेच घडते. फक्त नळीचे छिद्र इतके बारीक असते की त्यात ब्रश जात नाही.

शेतकऱ्यास दुसरे उदाहरण पटेल. चोपण झालेली जमीन आपण पाहिली आहे. पाणी दिले तर वरच उभे राहते, खाली मुरत नाही. सोडियममुळे मातीचे बारीक कण सुटे होतात आणि जमिनीची छिद्रे बुजवितात. अशा जमिनीत अधिक पाणी सोडले म्हणून ते अधिक मुरत नाही. चोंदलेल्या गाळणीवर अधिक दाब दिला तर काय होईल, याचे उत्तर त्या जमिनीत आहे.

दाब वाढविणे हा उपाय नव्हे

एका कारखान्यात आम्ही एका तक्रारीच्या चौकशीसाठी गेलो होतो. त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथे नव्याने बसविलेल्या गाळणीचे पाणी आठवड्यात कमी झाले. वरून हुकूम आला, 'ठरलेले पाणी मिळालेच पाहिजे.' रात्रपाळीच्या माणसाने झडप फिरवून दाब वाढविला. पाणी वाढले, सर्वांस आनंद झाला. चार दिवसांनी पुन्हा कमी, पुन्हा दाब. महिन्याच्या आत झडप शेवटास पोहोचली आणि पाणी पहिल्या दिवसाच्या तिसऱ्या हिश्श्यावर आले. दाबाने सैल थराचा घट्ट लगदा केला होता आणि बाहेरची घाण छिद्रांच्या आत ठासली होती.

याचे शास्त्र असे. पाणी भिंतीकडे जाते तेव्हा घाणीसही ओढून नेते. त्याच वेळी भोकातून वाहणारा प्रवाह ती घाण खरडून पुढे नेत असतो. ओढ कमी असेल तोवर प्रवाह जिंकतो आणि भिंत स्वच्छ राहते. ओढ एका मर्यादेपलीकडे गेली की घाण बसू लागते. ही मर्यादा १९९५ साली इंग्लंडमधील संशोधकांनी स्पष्ट करून मांडली. प्रत्येक पाण्याची मर्यादा वेगळी असते आणि ती आपल्याच यंत्रावर काढता येते. पाण्याचे प्रमाण पायरीपायरीने वाढवावे आणि प्रत्येक पायरीवर पंधरा-वीस मिनिटे दाबाचा काटा पाहावा. काटा स्थिर असेल तर पुढे जावे. पाण्याचे प्रमाण तेच असताना काटा आपोआप चढू लागला, की मर्यादा ओलांडली असे समजून एक पायरी मागे यावे आणि तेथेच राहावे. जी गाळणी थोडे कमी पाणी देते ती हंगामभर देते; जिच्याकडून पहिल्या दिवशी सर्व वसूल करावयाचे ती दुसऱ्या महिन्यात रिकामा हात दाखविते. माणसाच्या कामाच्या तासांविषयी आम्ही आयुष्यभर हेच सांगत आलो आहोत.

मर्यादेच्या आत राहण्यास चार गोष्टींची जोड लागते. गाळणीपूर्वी पाणी निवळून, जाळीतून काढून घ्यावे. तुरटीसारखे द्रव्य योग्य मात्रेत दिले तर बारीक कणांच्या गुठळ्या होतात, त्या छिद्रात शिरू शकत नाहीत, आणि त्यांचा जो थर बसतो तो सैल असल्याने सहज निघतो. भोकातून पाण्याचा वेग सेकंदास दोन ते पाच मीटर ठेवावा. यास वीज लागते, म्हणून खर्च वाचविणारा प्रथम येथेच कात्री लावतो आणि दुपटीने गमावतो. ठरावीक मिनिटांनी क्षणभर स्वच्छ पाणी उलट्या दिशेने सोडून भिंत झटकावी. शेवटची गोष्ट म्हणजे पाण्याचा सामू पाहावा. अॅल्युमिनाच्या पृष्ठभागावर सामू साधारण आठ-नऊच्या खाली असताना धन विद्युत्भार असतो आणि काळ्या रंगद्रव्यावर ऋण. दोघांचे आकर्षण होऊन द्रव्य चिकटते. म्हणून कोणत्या पाण्यास कोणत्या जातीची नळी, हा विचार खरेदीपूर्वी झाला पाहिजे. सिलिकॉन कार्बाइडवर अशा पाण्यात ऋण भार असतो, त्यामुळे तेथे हे चिकटणे कमी होते.

आणखी एक फसवणूक सांगितली पाहिजे. पाणी ऊन झाले की पातळ होते. वीस अंशांवरील पाण्यापेक्षा चाळीस अंशांवरील पाणी त्याच गाळणीतून त्याच दाबाने सुमारे दीडपट वाहते. जानेवारीच्या पहाटेची नोंद आणि एप्रिलच्या दुपारची नोंद शेजारी ठेवली तर गाळणी सुधारली असे वाटेल; प्रत्यक्षात ती चोंदलेली असू शकते. म्हणून वहीत पाणी आणि दाब यांबरोबर तापमान लिहिलेच पाहिजे. तापमानाशिवायची वही म्हणजे उंचीचा आकडा नसलेली मापपट्टी.

धुण्याची रीत

कितीही काळजी घेतली तरी गाळणी केव्हातरी औषधाने धुवावी लागतेच. येथे क्रम महत्त्वाचा. सेंद्रिय घाणीसाठी अल्क, म्हणजे कॉस्टिक. खपलीसाठी आम्ल, बहुधा सायट्रिक किंवा नायट्रिक. स्पेंट वॉशसारख्या पाण्यात साधारणतः कॉस्टिक आधी द्यावे. कारण काळी रंगद्रव्ये आम्लात साकळतात आणि अल्कात विरघळतात. आम्ल आधी दिले तर जी घाण निघावयाची ती पक्की बसते. दोन धुण्यांच्या मध्ये स्वच्छ पाण्याने पुरते खळबळून काढावे. शेवटी स्वच्छ पाणी ठरावीक दाबाने सोडून ते नव्या गाळणीच्या मानाने किती येते, ते तापमान जमेस धरून पाहावे. हा आकडा दर खेपेस घसरत असेल तर धुण्याची रीत चुकते आहे, असे समजावे.

सिरॅमिक औषधास भीत नाही, पण ती शेवटी भाजलेली मातीच. थंड नळीत एकदम उकळते पाणी सोडले तर ती तडकते. पंप झटक्याने सुरू केला तर पाण्याच्या धक्क्याने फुटते. शिवाय तिच्या टोकांची रबरी गॅस्केटे तिच्याइतकी सोशिक नसतात. गळती बहुधा तेथून सुरू होते.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला ती गोष्ट. वर सांगितलेल्याच कारखान्यात चोंदलेली गाळणी तातडीने धुण्याचे काम एका हंगामी कामगारास दिले. कॉस्टिकबरोबर ब्लीचिंगचे द्रावण वापरतात. त्यात स्वतंत्रपणे काही वावगे नाही. परंतु ते काढून न टाकता त्याच टाकीत त्याने आम्ल ओतले. ब्लीचिंग आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो तरुण वाचला, पण पायऱ्या चढताना दम लागण्याचे दुखणे घेऊन घरी आला. चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. कॅनवरील अक्षरे इंग्रजी होती. भिंतीवर कसलाही तक्ता नव्हता. त्यास ते काम आदल्या दिवशी सांगितले होते.

आम्ही त्या घटनेकडे मागे मागे जाऊन पाहिले. आम्ल ओतले, कारण घाई होती. घाई होती, कारण गाळणी ठप्प झाली होती. ठप्प झाली, कारण महिनाभर दाब वाढविला गेला. दाब वाढविला, कारण 'पाणी कमी करू' असे म्हणण्याचा अधिकार काटा पाहणाऱ्या माणसास नव्हता. म्हणजे ज्यास आपण तांत्रिक बिघाड म्हणतो त्याचे मूळ अधिकाराच्या वाटणीत होते.

काय मागावे

ही गाळणी सर्व रोगांवर औषध नव्हे. ती गाळ आणि जंतू अडविते. विरघळलेला पोटॅश आणि रंगाचा बराच भाग तिच्यातून पार होतो, त्यासाठी पुढे आणखी उपाय लागतात. शिवाय ती घाण नाहीशी करीत नाही, वेगळी करते. वेगळी केलेली घाण आणि धुतलेले औषध यांचीही वाट नीट लागली पाहिजे. नाहीतर पुढच्या दाराने झाडून मागच्या दाराने आत घेतल्यासारखे होईल.

परंतु जेथे ती बसेल तेथे कामगार संघटनेने आपल्या मागणीपत्रात चार कलमे घालावीत असे आमचे मत आहे. सांडपाण्याच्या विभागात शिकविलेला कायम माणूस असावा. हंगाम संपताच त्यास घरी पाठवू नये, कारण बंद काळात गाळणी स्वच्छ करून जपण्याचे काम त्याचेच. दाब, पाणी, तापमान आणि सामू यांची वही प्रत्येक पाळीत भरली जावी आणि ती संघटनेच्या प्रतिनिधीस पाहता यावी. काटा मर्यादेवर गेला की पाणी कमी करण्याचा अधिकार पाळीच्या माणसास लेखी असावा. औषधांची नावे व धोके मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत. आम्ल आणि ब्लीचिंग वेगवेगळ्या कुलपात असावे.

टाकीत उतरण्याविषयी तर बोलावयासच नको. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या छत्तिसाव्या कलमाने विषारी वायूच्या बंद जागेत तपासणीशिवाय माणूस उतरविण्यास बंदी केली होती. २०१३ च्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टाक्या संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून साफ करून घेणे गुन्हा ठरविला. कायद्यांची पुस्तके बदलतात, टाकीतील वायूचा धर्म बदलत नाही.

या मागण्यांत मालकाचे नुकसान नाही. सहकारी कारखान्यात तर मालक म्हणजे सभासद शेतकरी, आणि त्याच्याच विहिरीत हे पाणी उतरावयाचे. गाळणीची किंमत त्याने दिलेली आहे. ती दहा वर्षे टिकते की दोन, हे रात्री तीन वाजता काट्याजवळ जाग्या असलेल्या माणसावर अवलंबून आहे. त्यास शिकवावे, त्याची वही वाचावी आणि त्याने 'थांबा' म्हटले की थांबावे, एवढेच आमचे सांगणे आहे.